पीडीबीला जोडणं आणि क्वेरी करणं: आपण नेमक्या कोणत्या कंटेनरमध्ये आहोत?

टेबल तयार केलं, चार ओळी भरल्या, कमिट केलं, स्वतः सिलेक्ट करून पाहिलं तर ओळी दिसतात. ॲप्लिकेशन मात्र ओआरए-००९४२ देतं, म्हणजे असं टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वातच नाही. ओरॅकलच्या मल्टिटेनंट (एकाच डेटाबेसच्या आत अनेक डेटाबेस ठेवणाऱ्या) डेटाबेसवर नव्याने काम करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं. टेबल रूटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या सामाईक कंटेनरमध्ये, तयार झालेलं असतं आणि ॲप्लिकेशन पीडीबीला, म्हणजे आतल्या एका प्लगेबल डेटाबेसला, जोडलेलं असतं. दोघंही आपापल्या जागी खरंच बोलत असतात.

म्हणून या लेखात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येईल: या क्षणी माझं सेशन कोणत्या कंटेनरमध्ये आहे? जोडणी, युजर, परवानग्या, क्वेरीचं उत्तर हे सगळं त्यावर ठरतं.

वाचण्यापूर्वी एक सूचना. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत लिहा. अंडरस्कोर, डॉलर, कंस, अवतरणचिन्हं मात्र जशी आहेत तशीच ठेवा.

आधी घराची रचना समजून घ्या

मल्टिटेनंट रचना ओरॅकलने १२सी आवृत्तीत, २०१३ साली आणली. २१सी पासून जुन्या पद्धतीचा, म्हणजे कंटेनर नसलेला डेटाबेस तयारच करता येत नाही. त्यामुळे ही रचना टाळून पुढे जाण्याचा रस्ता आता नाही.

सगळ्यात बाहेरचा तो सीडीबी, म्हणजे कंटेनर डेटाबेस. त्याचा इन्स्टन्स (चालू डेटाबेसची मेमरी आणि प्रोसेस) एक, एसजीए (सामाईक मेमरी) एक, बॅकग्राउंड प्रोसेस एकाच संचातल्या, कंट्रोल फाइल आणि रीडू लॉगही (बदलांची नोंद) सामाईक. त्याच्या आत कंटेनर असतात आणि प्रत्येकाला एक क्रमांक असतो, तो म्हणजे कॉन_आयडी. १ म्हणजे रूट, नाव सीडीबी$रूट. २ म्हणजे पीडीबी$सीड, नवीन पीडीबी बनवण्याचा साचा. तो कायम रीड ओन्ली असतो आणि त्याला हात लावायचं काही कारण नाही. ३ पासून पुढे आपले पीडीबी. काही व्ह्यूंमध्ये कॉन_आयडी ० दिसतो. ती माहिती एका कंटेनरची नसून सबंध सीडीबीची असते.

प्रत्येक पीडीबीला स्वतःच्या सिस्टम आणि सिसऑक्स टेबलस्पेस (डेटा साठवायच्या जागा) असतात, स्वतःची डेटा डिक्शनरी (टेबलं, युजर वगैरेंची नोंदवही) असते, स्वतःचे युजर असतात. १२.२ पासून अन्डूही (बदल मागे घेण्यासाठीची नोंद) स्वतंत्र ठेवता येतं. रूटमध्ये फक्त ओरॅकलची स्वतःची व्यवस्था आणि सामाईक युजर असावेत. आपला डेटा तिथे ठेवू नये, सरावाचासुद्धा नाही. तशी सवय लागली की ती पुढे प्रॉडक्शनपर्यंत जाते.

सरावासाठी मोफत आवृत्ती पुरते. १८सी आणि २१सी एक्सप्रेस एडिशनमध्ये सीडीबीचं नाव एक्सई आणि तयार पीडीबीचं नाव एक्सईपीडीबी१ असतं. २३एआय फ्री आवृत्तीत हीच नावं फ्री आणि फ्रीपीडीबी१ अशी आहेत. पुढच्या उदाहरणांत सर्व्हरचं नाव डीबीहोस्ट, पोर्ट १५२१, आणि सेल्सपीडीबी व स्टॉकपीडीबी असे दोन पीडीबी धरले आहेत.

पहिली पायरी: कुठे आहोत ते विचारा

सर्व्हरवर लॉगिन करून, ओरॅकल_एसआयडी (इन्स्टन्सचं ओळखनाव, म्हणजे एसआयडी, सांगणारं व्हेरिएबल) सेट करून ही आज्ञा दिली की

एसक्यूएलप्लस / ॲज सिसडीबीए

तुम्ही थेट रूटमध्ये पोचता. कोणताही पीडीबी आपोआप निवडला जात नाही. गोंधळाची सुरुवात इथेच होते, कारण जुन्या डेटाबेसवर हीच आज्ञा दिली की माणूस आपल्या डेटाजवळ पोचत असे. म्हणून आत गेल्यागेल्या दोन आज्ञा द्यायची सवय लावून घ्या:

शो कॉन_नेम
शो पीडीबीज

पहिली आज्ञा सध्याच्या कंटेनरचं नाव सांगते. दुसरी रूटमधून दिली तर सगळ्या पीडीबींची यादी देते: कॉन_आयडी, नाव, ओपन मोड आणि रिस्ट्रिक्टेड असे चार रकाने. पीडीबीच्या आतून दिली तर फक्त तोच एक पीडीबी दिसतो. म्हणजे बाकीचे पीडीबी गायब झाले असा अर्थ होत नाही, तुम्ही आतल्या खोलीतून पाहताय इतकाच होतो.

या दोन्ही आज्ञा एसक्यूएल*प्लसच्या आहेत, डेटाबेसच्या नव्हेत. प्रोग्राममधून, किंवा त्या न समजणाऱ्या एखाद्या टूलमधून विचारायचं असेल तर ही क्वेरी कुठेही चालते:

सिलेक्ट सिस_कॉन्टेक्स्ट('युजरएन्व्ह','कॉन_नेम') फ्रॉम ड्युअल;

ॲप्लिकेशनच्या सुरुवातीच्या लॉगमध्ये या एका क्वेरीचं उत्तर लिहून ठेवलं तर नंतरचे बरेच तास वाचतात.

दुसरी पायरी: पीडीबी उघडा आहे का

सीडीबी सुरू झाला म्हणजे त्यातले पीडीबी उघडले, असं नसतं. नुसतं स्टार्टअप केलं तर सीड वगळता बाकीचे पीडीबी माउंटेड अवस्थेत राहतात. त्या अवस्थेत साध्या युजरला आत जाता येत नाही. रूटमधून उघडण्याची आज्ञा अशी:

ऑल्टर प्लगेबल डेटाबेस सेल्सपीडीबी ओपन;

सगळे एकदम उघडायचे तर नावाच्या जागी ऑल लिहा. आधीच उघडा असेल तर ओआरए-६५०१९ येईल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पण सर्व्हर पुन्हा सुरू झाला की पुन्हा तेच. हे टाळण्यासाठी पीडीबी उघडल्यावर एकदा

ऑल्टर प्लगेबल डेटाबेस सेल्सपीडीबी सेव्ह स्टेट;

असं द्या. १२.१.०.२ पासून ही सोय आहे. कोणाची अवस्था जतन झाली आहे ते डीबीए_पीडीबी_सेव्ह्ड_स्टेट्स या व्ह्यूमध्ये पाहता येतं. इंटरनेटवर अजूनही यासाठी स्टार्टअप ट्रिगर लिहायला सांगणारे जुने सल्ले सापडतात. आता त्याची गरज नाही.

शो पीडीबीजच्या यादीत ओपन मोड रीड राइट असला पण रिस्ट्रिक्टेड रकान्यात येस असेल, तर रिस्ट्रिक्टेड सेशनची परवानगी नसलेले युजर जोडले जाणार नाहीत. अशा वेळी बळजबरीने बंद-चालू करत बसू नका. रूटमधून पीडीबी_प्लग_इन_व्हायोलेशन्स हा व्ह्यू पाहा. त्यातल्या नेम, कॉज, टाइप, मेसेज आणि स्टेटस या रकान्यांत कारण लिहिलेलं असतं. टाइप एरर आणि स्टेटस पेंडिंग असलेल्या ओळी आधी वाचा. पॅच एका ठिकाणी लागला आणि दुसऱ्या ठिकाणी राहिला, हे तिथे वारंवार दिसणारं कारण आहे.

आता यातला सगळ्यात महागात पडणारा घोटाळा. शटडाउन इमिजिएट ही आज्ञा पीडीबीच्या आतून दिली तर तेवढा पीडीबी बंद होतो. तीच आज्ञा रूटमधून दिली तर अख्खा इन्स्टन्स बंद होतो, सगळ्या पीडीबींसकट. दोन्हीकडे शब्द तेच, परिणाम मात्र पूर्ण वेगळा. म्हणून एखादा पीडीबी बंद करायचा असेल तेव्हा शटडाउन हा शब्दच वापरू नका. नाव घेऊन बंद करा:

ऑल्टर प्लगेबल डेटाबेस सेल्सपीडीबी क्लोज इमिजिएट;

ही आज्ञा रूटमध्ये असताना दिली तरी बाकी कोणाला धक्का लागत नाही.

तिसरी पायरी: सर्व्हिसच्या नावाने जोडा

पीडीबीला एसआयडी नसतो. एसआयडी असतो तो इन्स्टन्सला, आणि इन्स्टन्स एकच आहे. त्यामुळे नेटवर्कवरून पीडीबीला पोचायचा रस्ता म्हणजे सर्व्हिस. प्रत्येक पीडीबी उघडला की त्याच्याच नावाची एक डीफॉल्ट सर्व्हिस लिसनरकडे (नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्या स्वीकारणाऱ्या प्रोग्रामकडे) नोंदली जाते. डीबी_डोमेन सेट असेल तर ते नावाच्या शेवटी जोडलं जातं, आणि मग जोडतानाही पूर्ण नाव द्यावं लागतं.

नोंद झाली आहे का, हे सर्व्हरवर पाहायचं:

एलएसएनआरसीटीएल स्टेटस

उत्तरात सर्व्हिसांची यादी येते. त्यात सीडीबीच्या नावाची सर्व्हिस असेल, तुमच्या पीडीबीच्या नावाची असेल, आणि १२.२ पासून काही ३२ अक्षरी, आकडे आणि अक्षरं मिसळलेली नावंही दिसतील. ते पीडीबींचे जीयूआयडी असतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. प्रत्येक सर्व्हिसखाली इन्स्टन्सचं नाव आणि रेडी ही स्थिती दिसली पाहिजे.

यादीत नाव असेल तर दुसऱ्या मशीनवरून जोडण्याचा सगळ्यात सोपा प्रकार हा:

एसक्यूएलप्लस एचआर@//डीबीहोस्ट:१५२१/सेल्सपीडीबी

पासवर्ड आज्ञेतच लिहू नका. तो कमांड हिस्टरीत उरतो. शिवाय पासवर्डमध्ये @ असेल तर त्याच्या पुढचा भाग पत्ता समजला जातो आणि भलतीच चूक दिसते. विचारेल तेव्हा टाइप करा.

टीएनएसनेम्स.ओरा (क्लायंटवरची जोडणीच्या पत्त्यांची फाइल) वापरत असाल तर नोंद अशी दिसते:

सेल्स =
(डिस्क्रिप्शन =
(ॲड्रेस = (प्रोटोकॉल = टीसीपी)(होस्ट = डीबीहोस्ट)(पोर्ट = १५२१))
(कनेक्ट_डेटा = (सर्व्हिस_नेम = सेल्सपीडीबी)))

शेवटच्या ओळीत सर्व्हिस_नेम आहे, एसआयडी नाही, एवढं डोळ्यांत तेल घालून पाहा. जुन्या नोंदीची नक्कल करताना हीच ओळ बदलायची राहते.

जेडीबीसीमध्ये (जावा प्रोग्राममधून जोडताना) हाच फरक एका चिन्हात लपलेला असतो. दोन यूआरएल शेजारी ठेवून पाहा:

जेडीबीसी:ओरॅकल:थिन:@डीबीहोस्ट:१५२१:सेल्सपीडीबी
जेडीबीसी:ओरॅकल:थिन:@//डीबीहोस्ट:१५२१/सेल्सपीडीबी

पहिल्यात पोर्टनंतर अपूर्णविराम आहे, म्हणून पुढचं नाव एसआयडी मानलं जातं आणि जोडणी फसते. दुसऱ्यात तिरकी रेघ आहे, म्हणून ते सर्व्हिसचं नाव ठरतं. एसक्यूएल डेव्हलपरमध्ये हीच निवड एसआयडी आणि सर्व्हिस नेम अशा दोन गोल बटणांनी करायची असते. सर्व्हिस नेम निवडा. पायथनच्या ओरॅकलडीबी मॉड्यूलमध्ये डीएसएन म्हणून डीबीहोस्ट:१५२१/सेल्सपीडीबी एवढं पुरतं.

डीफॉल्ट सर्व्हिस देखभालीच्या कामाला ठीक. ॲप्लिकेशनसाठी मात्र स्वतंत्र सर्व्हिस काढा. ॲप्लिकेशनचा पत्ता पीडीबीच्या नावाशी बांधला गेला की पुढे पीडीबीचं नाव बदलणं किंवा त्याच्या जागी क्लोन आणणं अवघड होऊन बसतं. स्वतंत्र सर्व्हिस थांबवली की ॲप्लिकेशनच्या नव्या जोडण्या थांबतात आणि देखभाल करणाऱ्याचा रस्ता खुला राहतो. पीडीबीच्या आत, पुरेशी परवानगी असलेल्या युजरने हे द्यायचं:

एक्झेक डीबीएमएस_सर्व्हिस.क्रिएट_सर्व्हिस('सेल्स_ॲप','सेल्स_ॲप');
एक्झेक डीबीएमएस_सर्व्हिस.स्टार्ट_सर्व्हिस('सेल्स_ॲप');

रूटमध्ये उभं राहून हे केलं तर सर्व्हिस रूटची होते, आणि ॲप्लिकेशन बिनबोभाट रूटला जाऊन जोडलं जायचा प्रयत्न करतं. आरएसी (अनेक सर्व्हरवर चालणारा एकच डेटाबेस) किंवा ग्रिड इन्फ्रास्ट्रक्चर असेल तर डीबीएमएस_सर्व्हिस बाजूला ठेवून एसआरव्हीसीटीएलनेच सर्व्हिस जोडा आणि त्यात पीडीबीचं नाव द्या.

आणखी एक गोष्ट. एकाच लिसनरवर दोन सीडीबी असतील आणि दोघांतही सेल्सपीडीबी नावाचा पीडीबी असेल, तर एकाच नावाच्या दोन सर्व्हिसा नोंदल्या जातात. मग एक जोडणी इकडे, दुसरी तिकडे. कोणतीही एरर येत नाही, फक्त डेटा कधी दिसतो, कधी दिसत नाही. टेस्टचा आणि प्रॉडक्शनचा क्लोन एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्यांनी पीडीबींची नावं वेगळी ठेवलीच पाहिजेत.

जोडणी होत नसेल तर

एरर क्रमांक नीट वाचला तर अडचण कोणत्या टप्प्यावर आहे ते कळतं. ओआरए-१२१५४ आली तर पॅकेट अजून तुमच्या मशीनबाहेर पडलेलंच नाही, टीएनएसनेम्स.ओरामधलं नाव सापडत नाही, किंवा क्लायंट वेगळ्याच फोल्डरमधली फाइल वाचतोय. अशा वेळी टीएनएस_ॲडमिन हे व्हेरिएबल तपासा. ओआरए-१२५४१ म्हणजे त्या होस्टच्या त्या पोर्टवर लिसनर नाही.

ओआरए-१२५१४ म्हणजे लिसनरपर्यंत पोचलात, पण ही सर्व्हिस त्याला माहीत नाही. नवख्यांना सर्वाधिक भेटणारी हीच. क्रमाने तपासा: नावाचं स्पेलिंग, डोमेन लागतं का, स्वतंत्र सर्व्हिस सुरू केली आहे का. डेटाबेस नुकताच सुरू केला असेल तर नोंदणीला मिनिटभर लागू शकतं, कारण इन्स्टन्सकडून लिसनरला माहिती ठरावीक अंतराने जाते. तेवढं थांबायचं नसेल तर रूटमधून

ऑल्टर सिस्टम रजिस्टर;

द्या. त्यानेही नाव आलं नाही आणि लिसनर १५२१ सोडून दुसऱ्या पोर्टवर असेल, तर लोकल_लिसनर पॅरामीटरमध्ये तो पत्ता दिलेला आहे का पाहा. इन्स्टन्सला लिसनर कुठे आहे हेच ठाऊक नसेल तर तो नोंद कुठे करणार?

ओआरए-१२५०५ म्हणजे तुम्ही एसआयडी म्हणून काहीतरी दिलंय. यूआरएलमधला तो अपूर्णविराम शोधा. एखादं जुनं सॉफ्टवेअर एसआयडीशिवाय काही स्वीकारतच नसेल, तर लिसनर.ओरामध्ये यूज_एसआयडी_ॲज_सर्व्हिस_लिसनर = ऑन अशी ओळ टाकता येते; शेवटचा शब्द तुमच्या लिसनरचं नाव असतो. मग दिलेला एसआयडी सर्व्हिसचं नाव समजला जातो. हा तात्पुरता उपाय आहे, नवीन ॲप्लिकेशनसाठी वापरू नका.

ओआरए-०१०३३ किंवा ओआरए-०११०९ दिसली तर पीडीबी उघडलेला आहे का ते पाहा. ओआरए-०१०१७ म्हणजे युजरनेम-पासवर्ड चुकीचा, पण मल्टिटेनंटमध्ये तिचा आणखी एक अर्थ निघतो: पासवर्ड बरोबर आहे, कंटेनर चुकलाय. सेल्सपीडीबीमधला एचआर युजर रूटच्या सर्व्हिसवर किंवा स्टॉकपीडीबीवर जोडायला गेलात तर तिथे तो युजरच नाही, आणि उत्तर हेच येतं. पासवर्ड बदलायला धावण्याआधी पत्ता तपासा; नाहीतर तीन-चार वेळा पासवर्ड रीसेट करूनही काहीच हाती लागत नाही.

चौथी पायरी: युजर कुठला

युजर दोन प्रकारचे. कॉमन युजर रूटमध्ये तयार होतो आणि सगळ्या कंटेनरमध्ये ओळखला जातो. त्याचं नाव सी## ने सुरू व्हावं लागतं. सिस आणि सिस्टम हे ओरॅकलने दिलेले कॉमन युजर. लोकल युजर एकाच पीडीबीचा. शेजारच्या पीडीबीत त्याच नावाचा दुसरा युजर असू शकतो, दोघांचा काही संबंध नसतो. ॲप्लिकेशनचा युजर लोकलच असावा.

रूटमध्ये असताना क्रिएट युजर सेल्स असं साधं नाव दिलं की ओआरए-६५०९६ येते. अनेक ठिकाणी यावर उपाय म्हणून _ओरॅकल_स्क्रिप्ट हे छुपं पॅरामीटर ट्रू करायला सांगितलेलं सापडेल. ते करू नका. ते ओरॅकलच्या स्वतःच्या इन्स्टॉलेशन स्क्रिप्टसाठी आहे. त्याने तयार केलेला युजर ओरॅकलच्या अंतर्गत युजरांसारखा नोंदला जातो, आणि पुढे एक्सपोर्टमध्ये तो वगळला जाणं, अपग्रेडच्या वेळी अडणं असे प्रश्न उभे राहतात. ती एरर खरं तर मदत करतेय: तुम्ही चुकीच्या कंटेनरमध्ये आहात एवढंच ती सांगते. योग्य रीत अशी:

ऑल्टर सेशन सेट कंटेनर = सेल्सपीडीबी;
क्रिएट टेबलस्पेस सेल्स_डेटा डेटाफाइल साइज १००एम ऑटोएक्सटेंड ऑन;
क्रिएट युजर सेल्स आयडेंटिफाइड बाय "पासवर्ड" डीफॉल्ट टेबलस्पेस सेल्स_डेटा कोटा अनलिमिटेड ऑन सेल्स_डेटा;
ग्रांट क्रिएट सेशन, क्रिएट टेबल टू सेल्स;

दुसऱ्या ओळीत फाइलचा मार्ग दिलेला नाही, कारण डीबी_क्रिएट_फाइल_डेस्ट सेट आहे असं धरलं आहे. नसेल तर पूर्ण मार्ग द्या. ही टेबलस्पेसची ओळ अनेक जण गाळतात. सीडवरून काढलेल्या पीडीबीत यूजर्स ही टेबलस्पेस असेलच असं नाही. डीफॉल्ट टेबलस्पेस ठरवलेली नसेल तर नवीन युजरची टेबलं सिस्टम टेबलस्पेसकडे वळतात, आणि कोटा नसल्यामुळे ओळ भरताना ओआरए-०१९५० येते.

परवानगीही कंटेनरपुरतीच असते. रूटमध्ये सी##मॉनिटर या युजरला क्रिएट सेशन दिलं आणि पुढे काही लिहिलं नाही, तर ती फक्त रूटमध्ये लागू होते. पीडीबीला जोडताना त्यालाच ओआरए-०१०४५ मिळेल. सगळीकडे हवी असेल तर ग्रांटच्या शेवटी कंटेनर = ऑल लिहा. उलट बाजूने, हव्या त्याच पीडीबीत शिरून तेवढ्यापुरती देणं जास्त सुरक्षित.

एका कंटेनरमधून दुसऱ्यात जाणं

वर वापरलेली ऑल्टर सेशन सेट कंटेनर ही आज्ञा कॉमन युजरसाठी आहे, आणि त्याला सेट कंटेनरची परवानगी लागते. लोकल युजरला शेजारच्या पीडीबीत शिरता येत नाही. तसं येऊ नये म्हणूनच तर ही रचना आहे. परत यायचं तर नावाच्या जागी सीडीबी$रूट.

सोय मोठी आहे, पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, लॉगऑन ट्रिगर चालत नाही. पीडीबीत लॉगऑन ट्रिगरने एनएलएस (भाषा, तारखेचा नमुना वगैरे) सेटिंग किंवा ऑडिटचं काम होत असेल तर सेट कंटेनरने आलेलं सेशन त्यातून सुटतं; त्यासाठी आफ्टर सेट कंटेनर हा वेगळा ट्रिगर आहे. दुसरी, ट्रान्झॅक्शन कंटेनर ओलांडत नाही. सेल्सपीडीबीत अपडेट करून कमिट न करता स्टॉकपीडीबीत गेलात, तर तिथे बदल, कमिट, रोलबॅक यांतलं काहीच करता येत नाही. आधी परत जाऊन तिथलं काम संपवावं लागतं. जाण्याआधी कमिट किंवा रोलबॅक करा, प्रश्नच मिटतो. तिसरी, एसक्यूएल*प्लसच्या प्रॉम्प्टमध्ये जोडणीचं नाव दाखवायची सोय केली असेल तर ते नाव जोडतानाचं असतं. कंटेनर बदलला तरी प्रॉम्प्ट तोच राहतो. त्याच्यावर विसंबू नका, शो कॉन_नेम विचारा.

क्वेरी: आतून आणि वरून

पीडीबीच्या आत गेल्यावर सगळं साध्या डेटाबेससारखं. युजर_टेबल्स, ऑल_टेबल्स, डीबीए_टेबल्स आपापल्या मर्यादेत त्याच पीडीबीची माहिती देतात. नवीन काही शिकावं लागतं ते रूटमधून अनेक पीडीबींकडे एकदम पाहताना. त्यासाठी प्रत्येक डीबीए_ व्ह्यूचं सीडीबी_ ने सुरू होणारं भावंड आहे, आणि त्यात कॉन_आयडी हा जादा रकाना असतो. कोणत्या पीडीबीत कोणते युजर आहेत ते असं पाहा:

सिलेक्ट सी.नेम, यू.युजरनेम, यू.अकाउंट_स्टेटस
फ्रॉम सीडीबी_युजर्स यू जॉइन व्ही$कंटेनर्स सी ऑन सी.कॉन_आयडी = यू.कॉन_आयडी
ऑर्डर बाय सी.नेम, यू.युजरनेम;

इथे व्ही$पीडीबीज न घेता व्ही$कंटेनर्स घेतलाय, कारण पहिल्यात रूटची ओळ नसते.

दोन सीडीबी_ व्ह्यू एकमेकांना जोडताना कॉन_आयडीची अट कधीही गाळू नका. सीडीबी_टेबलस्पेसेस आणि सीडीबी_डेटा_फाइल्स फक्त टेबलस्पेसच्या नावावर जोडून पाहा: सिस्टम नावाची टेबलस्पेस प्रत्येक कंटेनरमध्ये आहे, म्हणून एका पीडीबीची फाइल दुसऱ्या पीडीबीच्या टेबलस्पेसशीही जुळते. रूट आणि ३ पीडीबी असतील तर सिस्टमच्या ४ फाइलींच्या १६ ओळी येतात, आणि त्यावर बेरीज केली तर जागेचा हिशेब चौपट दिसतो. क्वेरी चालते, एरर नाही, आकडा मात्र साफ चुकीचा. जॉइनमध्ये ॲन्ड टी.कॉन_आयडी = एफ.कॉन_आयडी एवढं लिहिलं की झालं.

कॉन_आयडीचा आकडा स्क्रिप्टमध्ये पक्का लिहूनही ठेवू नका. पीडीबी अनप्लग करून पुन्हा प्लग केला की त्याला वेगळा क्रमांक मिळू शकतो. नावाने शोधा.

एखादा पीडीबी सीडीबी_ व्ह्यूमध्ये दिसतच नसेल तर दोन कारणं आधी तपासा. तो बंद असेल तर त्याची डिक्शनरी वाचता येत नाही, म्हणून त्याच्या ओळी येत नाहीत. किंवा तुम्ही सी##मॉनिटरसारख्या कॉमन युजरने पाहताय आणि त्याला कंटेनर डेटा पाहायची मुभा नाही. परवानग्या सगळ्या दिल्या, तरी उत्तरात फक्त रूटच्या ओळी, असं दिसलं की कारण हे. रूटमध्ये सिसने द्यायचं:

ऑल्टर युजर सी##मॉनिटर सेट कंटेनर_डेटा = ऑल कंटेनर = करंट;

सगळे दाखवायचे नसतील तर ऑलच्या जागी कंसात कंटेनरांची नावं द्या. त्या यादीत सीडीबी$रूट असावंच लागतं.

डिक्शनरीऐवजी आपल्या टेबलांवर अशी एकत्र क्वेरी हवी असेल तर कंटेनर्स() हा शब्द आहे. टेबल कॉमन युजरच्या मालकीचं आणि रूटसकट त्या त्या पीडीबीत त्याच रचनेचं असलं, तर रूटमधून त्या कॉमन युजरने

सिलेक्ट कॉन_आयडी, काउंट(*) फ्रॉम कंटेनर्स(सी##ॲप.लॉग) ग्रुप बाय कॉन_आयडी;

असं विचारता येतं. हे देखरेखीच्या टेबलांसाठी चांगलं. केवळ ही सोय मिळावी म्हणून ॲप्लिकेशनची खरी टेबलं कॉमन युजरकडे नेऊ नका. त्यात पीडीबी वेगळे ठेवण्याचा फायदाच जातो.

सेल्सपीडीबीतल्या लोकल युजरला स्टॉकपीडीबीतली दोन टेबलं हवी असतील, तर एकाच सीडीबीत असूनही रस्ता डेटाबेस लिंकचाच. क्रिएट डेटाबेस लिंकची परवानगी घेऊन:

क्रिएट डेटाबेस लिंक स्टॉक_लिंक कनेक्ट टू स्टॉक_वाचक आयडेंटिफाइड बाय "पासवर्ड" यूजिंग '//डीबीहोस्ट:१५२१/स्टॉक_ॲप';
सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम स्टॉक.आयटम्स@स्टॉक_लिंक;

स्टॉक_वाचक हा स्टॉकपीडीबीतला, फक्त लागतील त्याच टेबलांवर सिलेक्ट असलेला युजर असावा. टेबलांच्या मालकाचा पासवर्ड लिंकमध्ये ठेवू नका. दुसऱ्या पीडीबीत सर्व्हिस सुरू नसेल तर इथेही ओआरए-१२५१४ येईल, आणि तपासायचा क्रमही वर दिलेलाच. ग्लोबल_नेम्स हे पॅरामीटर ट्रू असेल तर लिंकचं नाव समोरच्या पीडीबीच्या ग्लोबल नावासारखंच असावं लागतं, नाहीतर ओआरए-०२०८५ मिळते. आणि लिंकवरून नुसतं सिलेक्ट केलं तरी ट्रान्झॅक्शन सुरू होतं, म्हणून काम झालं की कमिट किंवा रोलबॅक द्या आणि मग

ऑल्टर सेशन क्लोज डेटाबेस लिंक स्टॉक_लिंक;

नाहीतर समोरच्या पीडीबीत तुमचं सेशन मूळ सेशन संपेपर्यंत उघडं राहतं, आणि कनेक्शन पूल वापरणाऱ्या ॲप्लिकेशनमध्ये अशी सेशन साचत जाऊन स्टॉकपीडीबीची सेशनची मर्यादा गाठली जाते.